भावोजींचे किल्ले

पाहण्यासारखी नाही अशी एकही जागा देवाने पृथ्वीवर निर्माण केलेली नाही, आणि नजरचुकीने केलीच असेल तर ती आमच्या भावोजींच्या वाटेत कधी आली नाही, हे मी कोणापुढेही शपथेवर सांगायला तयार आहे. सत्त्याहत्तर साली लग्न होऊन मी नाशिकहून दोह्याला निघाले तेव्हा आमच्या शेजारचे एक गृहस्थ, जे आखातात दोन वर्षं काढून आले होते, ते मला म्हणाले होते, “तिथे एक समुद्र आहे, एक रस्ता आहे, बाकी वाळू. आठ दिवसांत सगळं बघून होईल. मग काय करशील?” त्यानंतर भावोजींच्या मागून मी कितीतरी वर्षं दर शुक्रवारी हिंडले, आणि कतार बघून संपलं असं काही झालं नाही. म्हणजे दोह्यात फार काही होतं असं नव्हे. शेजारच्या गृहस्थांचा हिशोब बरोबरच होता. पण भावोजींना तो मान्य नव्हता, आणि भावोजींना जे मान्य नसे ते आमच्या पिकअपमध्ये बसलेल्या कोणालाच मान्य करता येत नसे.

भावोजी म्हणजे ह्यांच्या कंपनीतले सर्व्हेअर. नात्याने आमचे कोणी नव्हेत. रत्नागिरीकडचे, ह्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. चौऱ्याहत्तरपासून एकटेच तिकडे राहत होते, कंपनीच्या कॅम्पवर. पहिल्या भेटीतच त्यांनी मला ‘वहिनी’ म्हणून टाकलं, म्हणून ते भावोजी झाले आणि मग सगळ्या मराठी घरांचेच भावोजी झाले. अंगाने काटकुळे, उंच, डोक्याला चार टोकांना गाठी मारलेला ओला रुमाल आणि पायात बारा महिने कॅनव्हासचे बूट. सर्व्हेअर असल्यामुळे ते चालत नसत, मोजत. त्यांचं पाऊल बरोबर तीस इंचांचं होतं असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते वाळूत, खडकावर, भाजीच्या दुकानात, कुठेही तीस इंचांचंच पडे. चालताना ओठ हलत असत. मध्येच कोणी काही विचारलं तर ते हात वर करून त्याला थांबवत, आकडा पुरा करत, आणि मग अत्यंत प्रेमाने “हं, बोला” म्हणत. आमच्या मुशैरिबमधल्या घरापासून मासळीबाजारापर्यंत किती पावलं, हे त्यांनी मला मी न विचारता सांगितलं होतं. मी घर बदलूया म्हटलं तेव्हा त्यांची पहिली हरकत, इतक्या मेहनतीने काढलेला आकडा फुकट जाईल, ही होती.

मी आले तेव्हा खरं तर मला परत जायचं होतं. खाली शिंप्याचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. हे सकाळी सहाला जात ते अंधारताना येत. मी दिवसभर पंख्याकडे बघत बसे आणि शेजारच्या घरातून येणारे अरबी शब्द ऐकून रडे, कारण कोणीतरी बोलतंय आणि आपल्याला कळत नाही ह्यासारखं एकटेपण नाही. एका शुक्रवारी पहाटे दार वाजलं. भावोजी दारात उभे. हातात थर्मास, बगलेत खुबुसची, म्हणजे तिकडच्या रोट्यांची, चळत. “वहिनी, चला. किल्ला बघायचाय. ऊन चढायच्या आत परत यायचं.” ह्यांनी मला डोळ्यांनी खूण केली, की चल, नाहीतर ते इथेच बसून त्या किल्ल्याचं वर्णन करतील. त्या दिवशी आम्ही उम्म सलालचा किल्ला पाहिला. किल्ला म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या घरापेक्षा थोडा मोठा, पांढऱ्या मातीचा. मी नाशिकची, लहानपणापासून डोंगरी किल्ले बघितलेली. मी म्हटलं, “एवढाच?” भावोजी मला म्हणाले, “वहिनी, तुमच्याकडे डोंगर होता, त्यावर भिंत घातली. इथे डोंगरच नाही. माणसाने सपाट वाळूत उभं राहून ठरवलं, की इथून पुढे माझं. केवढी हिंमत लागली असेल त्याला?” मग त्यांनी त्या हिमतीची लांबी-रुंदी पावलांनी मोजली आणि आम्ही खुबुसला शेंगदाण्याची चटणी लावून खाल्ली.

त्यांचा नियम एकच, जिथे आत जायला तिकीट लागतं तिथे जायचं नाही. तिकीट लावलं की माणूस वस्तूकडे बघत नाही, तिकिटाकडे बघतो, असं ते म्हणत. त्यामुळे आम्ही जे पाहिलं ते सगळं उघड्यावरचं. अल खोरचे बुरूज, उत्तरेकडची ओस पडलेली मासेमारांची गावं जिथे घरांना दारं होती पण छपरं नव्हती, झिक्रीतचे वाऱ्याने कोरलेले खडक, उम्म बाबजवळची समुद्रकाठची चार ताडासारखी झाडं. ह्या झाडांना ते ‘बाग’ म्हणत. अल थखीराला खाडीत खारफुटीची झाडं आहेत. तिथे गेले की ते बूट काढून हातात घेत आणि गुडघाभर चिखलात उभे राहत. “वास घ्या,” ते म्हणत. “हा अगदी आमच्या खाडीचा वास.” मला तो वास कधी आवडला नाही, पण भावोजींचा चेहरा त्या चिखलात असा काही उजळे, की नाकाला पदर लावण्याची लाज वाटे.

एक रिकामा माळ होता, दुखानच्या रस्त्यावर. तिथे एक लोखंडी पाटी होती, अरबीत. त्या पाटीवर भावोजींची फार श्रद्धा. पाटी आहे म्हणजे इथे काहीतरी घडलं आहे, हा त्यांचा सिद्धांत. त्यांना अरबी अक्षरं ओळखता येत पण अर्थ लागत नसे, त्यामुळे घडलेली गोष्ट ते स्वतःच पुरवत. दोन टोळ्यांची लढाई, मग तह, तहाची निशाणी म्हणून ही पाटी. जाता-येता पिकअप थांबवून ते तिथे क्षणभर उभे राहत. दोन वर्षांनी ह्यांनी कुतूहलाने पाटीवरची अक्षरं कागदावर उतरवून ऑफिसातल्या इजिप्शियन टायपिस्टला दाखवली. तो वाचून म्हणाला, “इथे कचरा टाकू नये.” आता ही बातमी भावोजींना सांगायची कोणी? शेवटी ह्यांनीच सांगितली. भावोजींनी तो कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, “म्हणजे एकेकाळी इथे कचरा होण्याइतकी वस्ती होती.” आणि पुढच्या शुक्रवारी तिथे पुन्हा थांबले.

त्यांची थट्टा सगळेच करत. मीही केली आहे. पण मी परत जायचा हट्ट सोडला तो त्यांच्यामुळेच. ईशान्येच्या किनाऱ्याजवळ जसासिया म्हणून एक जागा आहे. लांबलचक, बसके खडक, आणि त्यांवर फार जुन्या काळी कोणीतरी कोरलेल्या होड्या, वल्ह्यांसकट. शिवाय खळग्यांच्या दोन-दोन ओळी, समोरासमोर. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा घरून वडिलांच्या आजारपणाचं पत्र आलेलं होतं, पंधरा दिवस जुनं. त्या पंधरा दिवसांत काय झालं असेल ह्याचा विचार करत मी एका खडकावर बसले होते. भावोजी आले, समोर उकिडवे बसले, खिशातून खजुराच्या बिया काढून त्या खळग्यांत एकेक टाकू लागले. मी बघत राहिले. लहानपणी आम्ही अंगणात असेच खळगे करून चिंचोक्यांनी खेळायचो. “तुमचा डाव,” ते म्हणाले. मी म्हटलं, “हे तुम्हाला कोणी शिकवलं?” ते म्हणाले, “कोणी नाही. खळगे बघून हाताला सुचलं. ज्याने कोरले त्यालाही असंच कोणीतरी समोर हवं असणार.” आम्ही तीन डाव खेळलो. तिन्ही मी जिंकले. परतताना त्यांनी पिकअप सरळ टेलिफोन ऑफिसकडे घेतला आणि नाशिकचा कॉल लागेपर्यंत ते बाहेर उन्हात उभे राहिले. वडील बरे होते.

सगळ्यात लाडका होता झुबाराचा किल्ला, वायव्येच्या टोकाला, एकटाच. त्या काळात तिथे पहारा असे आणि आत सोडत नसत. पहिल्या खेपेला एक म्हातारा पहारेकरी हात आडवा करून म्हणाला, “मम्नू.” म्हणजे मनाई. भावोजींनी नम्रपणे मान डोलावली आणि बाहेरून भिंत मोजायला सुरुवात केली. किल्ल्याभोवती एक माणूस ओठ हलवत फिरतो आहे, हे त्या म्हाताऱ्याला बघवेना. तोही मागोमाग फिरू लागला. दुसऱ्या फेरीत त्याने हिंदीत विचारलं, “क्या गिनता है?” तरुणपणी गलबतावरून तो मुंबईला जाऊन राहिला होता, भेंडीबाजारात. मग काय, सुलेमानी चहा आला, खजूर आले. आत मात्र त्याने सोडलं नाही. “इन्शाल्ला, अगला जुम्मा,” तो दर वेळी म्हणे. तो अगला जुम्मा काही आला नाही आणि भावोजींनाही त्याची घाई नव्हती. आमची मुलगी मोठी होऊन इंग्रजी शाळेत जायला लागली, तेव्हा पिकअप उत्तरेकडे वळला की विचारी, “अनदर ब्रोकन वॉल, काका?” भावोजी गंभीरपणे सांगत, “नो. सेम वॉल. बट टुडे फ्रॉम द अदर साइड.”

हिंडून आलं की दुपारी आमच्याकडे वरण-भात. जेवण झालं की ते आमच्या टेबलाशी बसून निळ्या हवाईपत्रावर घरी पत्र लिहीत. परीक्षेत बसलेल्या मुलासारखा डावा हात आडवा ठेवून लिहीत, कोणाला दिसू नये म्हणून. त्यांची पत्नी गावच्या शाळेत शिक्षिका होती. घरी भावोजींची आई, अंथरुणाला खिळलेली. मूलबाळ नव्हतं. आईला टाकून बायकोला आणता येत नव्हतं आणि नोकरी टाकून स्वतःला जाता येत नव्हतं, एवढंच त्यांनी एकदा सांगितलं होतं. पत्रात लांबी-रुंदी लिहीत असतील, अशी माझी समजूत. एक्याऐंशीत आई गेल्याची तार आली. ते जाऊन आले, आणि पुढच्याच शुक्रवारी दार वाजलं.

मग त्र्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर एकदा भावोजी आमच्याकडे मंगळवारी आले. मंगळवारी ते कधीच आले नव्हते. खुर्चीत बसले, पाणी प्यायले, रुमाल काढून परत बांधला. “वहिनी, घोटाळा झालाय,” म्हणाले. त्यांच्या पत्नीला दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवड्यांचा व्हिसा मिळाला होता. ह्यांनीच कंपनीत खटपट केली होती. मी म्हटलं, “अहो, मग ही आनंदाची गोष्ट.” त्यांनी खिशातून पत्र काढून पुढे केलं. शेवटच्या ओळीत मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘तुमची सर्व पत्रे बरोबर आणते आहे, म्हणजे सर्व स्थळे क्रमाने पाहता येतील.’

“त्यात काय?” मी विचारलं.

“मी थोडं वाढवून लिहिलंय.”

“थोडं म्हणजे किती?”

भावोजी जमिनीकडे बघत सांगू लागले. उम्म सलालच्या किल्ल्याला सात दरवाजे होते. झुबाराभोवती खंदक होता आणि खंदकात कमळं. अल खोरच्या बुरुजावरून स्वच्छ दिवशी इराण दिसत होतं. थखीराच्या खारफुटीत हरणं होती. तो म्हातारा पहारेकरी किल्लेदार होता आणि भावोजी आले की सलाम ठोकत असे. उम्म बाबची चार झाडं म्हणजे तर अख्खं बंदर व्यापणारी बाग. आणि त्यांच्या स्वतःच्या खोलीला मोठी खिडकी होती, तिच्यातून समुद्र दिसत होता.

हे हसू लागले, पण भावोजींकडे बघून थांबले. “असं का लिहिलंत हो?” मी विचारलं.

“पहिलं पत्र मी खरं लिहिलं होतं,” ते म्हणाले. “इथे काही नाही, नुसती वाळू आहे, असं. हिचं उत्तर आलं, की आई दोन दिवस जेवल्या नाहीत, माझा मुलगा कुठे जाऊन पडला म्हणून. तेव्हा पुढच्या शुक्रवारी निघालो, काहीतरी सापडतंय का बघायला. जे सापडलं ते लिहिलं. ते आईला पुरेना, तेव्हा जरा भर घातली. मग प्रत्येक पत्रात आधीच्यापेक्षा कमी कसं लिहायचं?”

“आता खरं सांगून टाका,” हे म्हणाले.

“नऊ वर्षांचं खरं एकदम कसं सांगू? तुम्हीच सांगा.”

जाऊबाई आल्या. मी त्यांना जाऊबाईच म्हणू लागले. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत वर्षावार दोऱ्याने बांधलेली पत्रं. कॅम्पवर बायकांना राहायला परवानगी नव्हती, म्हणून त्या आमच्याकडे उतरल्या. भावोजी रोज संध्याकाळी येत, समोर बसत, काही बोलत नसत. नऊ वर्षांत ती दोघं वर्षाआड महिनाभर एकत्र राहिली असतील. दोघांनाही सवय नव्हती. जाऊबाई माझ्यासाठी चकल्या पाडत आणि ते सोऱ्यातून पडणारी वेटोळी बघत राहत.

पहिल्या शुक्रवारी उम्म सलाल. जाऊबाई उतरल्या, त्यांनी पिशवीतून पत्र काढलं, शांतपणे वाचलं, किल्ल्याकडे पाहिलं. भावोजी घाईने म्हणाले, “दरवाजे बुजवले मध्यंतरी. वारा फार यायचा.” जाऊबाई म्हणाल्या, “असं होय.” पत्राची घडी घालून पिशवीत. अल खोरच्या बुरुजापाशी त्यांनी पूर्वेकडे कपाळावर हात धरून पाहिलं. भावोजी म्हणाले, “आज धूळ आहे.” “असेल,” जाऊबाई म्हणाल्या. थखीराला हरणं पहाटेच पाणी पिऊन गेलेली होती. मी पिकअपच्या बाजूला तोंड करून उभी राहिले. हसावं की रडावं ते मला कळत नव्हतं. भावोजींचा रुमाल घामाने चिंब झाला होता आणि त्यांचं पाऊल आयुष्यात पहिल्यांदा तीस इंचांचं पडत नव्हतं.

दुसऱ्या शुक्रवारी झुबारा. खंदक नव्हता, कमळं नव्हती. चारी बाजूंना नुसता माळ आणि लांबवर समुद्राची रेघ. भावोजींनी काही कारण सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. बहुधा त्यांच्याकडची कारणं संपली होती. इतक्यात तो म्हातारा पहारेकरी बाहेर आला. बाईमाणूस पाहून त्याने डोक्यावरचं कापड सारखं केलं, चहा मागवला आणि जाऊबाईंना म्हणाला, “बहनजी, आपका आदमी हर जुम्मा आता है. दीवार नापता है. मैं बोलता हूं, दीवार कहीं नहीं जाएगा, तुम घर जाओ. नहीं सुनता.” जाऊबाई पहिल्यांदाच हसल्या. निघताना म्हाताऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने टाचा जुळवून त्यांना कडक सलाम ठोकला. जाऊबाईंनी शाळेतल्या तपासनीसाला करतात तसा नमस्कार केला. पिकअपमध्ये बसल्यावर त्या भावोजींना एवढंच म्हणाल्या, “किल्लेदार चांगला आहे.”

त्या आठवड्यात आम्ही दोघी स्वयंपाकघरात भाजी निवडत होतो. मला राहवेना. मी भावोजींची बाजू मांडायला लागले, तर त्या म्हणाल्या, “अगो, मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. आमच्या गावचा एक सुतार इथेच कामाला आहे. रजेवर आला होता तेव्हा मी त्याला विचारलं, काय रे, खंदकात कमळं असतात का तिकडे? तो हसला. मग माझं तोंड बघून म्हणाला, असतील बाई, मी त्या बाजूला गेलो नाही.”

“मग तुम्ही त्यांना लिहिलं का नाहीत?”

“सासूबाईंना रोज दुपारी एक पत्र वाचून दाखवायची मी. जुनंच, पुन्हापुन्हा. त्या शेजारणींना सांगायच्या, माझा मुलगा सात दरवाजांच्या किल्ल्यापाशी राहतो. सुखाने गेल्या गो त्या. वाटलं, आता हे खरं लिहायला लागतील.” त्यांनी मेथीची जुडी सोडली. “आणि तोवर माझंच खरं वाचायचं मन राहिलं नव्हतं. शाळेतून येऊन मी पत्राचीच वाट बघायची.” पानं खुडून झाल्यावर त्यांनी देठं बाजूला सारली. मग म्हणाल्या, “किल्ले काय, बघितले. मला ह्यांची खोली बघायची आहे. ती दाखवत नाहीत. तू सांग भावोजींना, काहीतरी करा म्हणावं.” हे भावोजी म्हणजे आमचे हे.

ह्यांनी कॅम्पच्या मुकादमाला गाठून अर्ध्या तासाची परवानगी काढली. भावोजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तिथे काय बघायचंय?” त्यांच्या तोंडून हे वाक्य मी त्या एकदाच ऐकलं. सल्वा रोडच्या कडेला पत्र्याच्या केबिनची रांग होती. त्यातल्या एका केबिनमध्ये सहा खाटा. बाकीचे पाच जण आम्हाला बघून उठून बाहेर गेले. जाताना एका केरळी फोरमनने खाटांवरचे टॉवेल भराभर गोळा केले. कोपऱ्यातली खाट भावोजींची. खाली ट्रंक, वर खिळ्याला दोन शर्ट. खाटेच्या डोक्याशी खिडकी होती, खरोखर होती. पण ती सगळी एअर कंडिशनरने भरून गेलेली होती आणि उरलेल्या फटींत पुठ्ठे कोंबलेले होते.

जाऊबाई खाटेवर बसल्या. गादीवरून त्यांनी हात फिरवला. चष्मा पुसला. भावोजी दाराशी उभे होते, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे. ते यंत्र घरघरत होतं. जाऊबाईंनी त्या खिडकीकडे पाहिलं आणि डोळे मिटून जरा वेळ ऐकलं.

“आवाज समुद्रासारखाच येतो हो,” त्या म्हणाल्या.

भावोजी “गाडी लॉक केली की नाही बघतो” असं म्हणून बाहेर गेले. पिकअपला लॉक नव्हतं. हे त्यांच्या मागे निघाले होते, मी हात धरून त्यांना थांबवलं. अर्ध्या तासाने मुकादम आला तेव्हा भावोजी परत येऊन जाऊबाईंच्या शेजारी खाटेवर बसले होते, मध्ये वीतभर अंतर ठेवून, आणि ती दोघं चहा पीत होती.

जाऊबाई परत गेल्या. त्यानंतर भावोजींनी खरी पत्रं लिहायला घेतली, डावा हात आडवा न ठेवता. मी एक-दोन पाहिलीही. ‘आज धूळ होती. वहिनींकडे वरण-भात जेवलो. चालणे जास्त असल्याने नवीन बूट लागतात.’ चार महिन्यांनी जाऊबाईंचं मला स्वतंत्र पत्र आलं. क्षेमकुशल झाल्यावर लिहिलं होतं, ‘ह्यांची पत्रे अलीकडे फारच कोरडी येतात. प्रकृती बरी आहे ना? त्यांना म्हणावे, एखादा किल्ला वगैरे असेल तर कळवावा.’ मी ते भावोजींना वाचून दाखवलं. ते लाजले. पुढच्या शुक्रवारच्या पत्रात, मला दिसलं त्याप्रमाणे, कमळं परत आली होती.

शहाऐंशीत तेलाचे भाव पडले आणि कंपन्यांनी माणसं कमी करायला सुरुवात केली. भावोजींच्या हातात कागद पडला तेव्हा ते आमच्याकडे येऊन म्हणाले, “खलास, वहिनी.” त्यात दुःख होतं की सुटका, ते मला सांगता येणार नाही. विमानतळावर ते आमच्या मुलीशी बराच वेळ काहीतरी बोलत होते. काय बोलले ते तिने आम्हाला कधी सांगितलं नाही. ते गेल्यावर शुक्रवार फार लांब झाला. आम्ही व्हिडिओ आणून बघू लागलो, नव्या दुकानांतून हिंडू लागलो. पिकअपच्या जागी गाडी आली, तिला गारवा होता, गाणी होती. पण रस्त्यात एखादी पडकी भिंत दिसली की तिघांपैकी कोणीतरी बोलायचं थांबत असे.

दोन वर्षांनी मे महिन्यात आम्ही त्यांच्या गावी गेलो. घर खाडीच्या वर, आणि घरामागे तासाभराच्या वाटेवर खराखुरा जलदुर्ग, तट-बुरूज शाबूत असलेला. मुंबईहून लोक गाड्या करून तो बघायला येत होते. मी म्हटलं, “चला भावोजी, उद्या पहाटे निघू.” ते म्हणाले, “तुम्ही जाऊन या. वाट सरळ आहे.”

“तुम्ही नाही येत?”

“मी आल्यापासून गेलेलोच नाही,” ते म्हणाले.

आम्ही तिघं गेलो. फार सुंदर किल्ला. उन्हं कलताना परत आलो तेव्हा अंगणात चटईवर आमसुलं वाळत घातलेली होती आणि भावोजी हातात काठी घेऊन कावळे हाकत पायरीवर बसले होते. सकाळी आम्ही निघालो तेव्हाही ते तिथेच होते. त्यांनी किल्ला कसा होता हे विचारलं नाही. आत जाऊबाई सुट्टीतल्या शिकवणीच्या वह्या तपासत होत्या आणि पान उलटल्याचा आवाज आला की भावोजी कावळ्यांकडची नजर काढून घेऊन दाराकडे बघत. पुन्हा पान उलटे, पुन्हा ते बघत. मी बूट काढून पडवीत टेकले. माझी मुलगी म्हणाली, “काका, व्हाय डिडन्ट यू कम?” भावोजी हसले, तिला शेजारी जागा करून दिली आणि हळूच म्हणाले, “इथून सगळं दिसतं गो.”